कपाटातले ऑटोमॅटिक घड्याळ

पुष्कळ घरांत कपाटाच्या खणात एक ऑटोमॅटिक घड्याळ जपून ठेवलेले असते. आजोबांनी पहिल्या पगारातून घेतलेले, नाहीतर कोणाला लग्नात मिळालेले. सणासमारंभाला ते बाहेर निघते आणि दरवेळी बंद पडलेले आढळते. ‘सेल संपला असेल’ असे कोणी म्हणते, तर कोणी ‘बिघडले’ म्हणून मोकळे होते. वास्तविक या घड्याळात सेल नसतोच, आणि बहुधा ते बिघडलेलेही नसते. मग ते बंद का पडते? ते सतत चालू ठेवले पाहिजे का? आणि कर्जत-खालापूरसारख्या धुवांधार पावसाच्या मुलखात ते सांभाळावे कसे?

तळे आणि स्प्रिंग

खालापूर तालुक्यातील खोपोलीचे जलविद्युत केंद्र तुम्हांला ठाऊक असेल. ते 1915 साली सुरू झाले. पाऊस पडतो चार महिने, तोही कधी मुसळधार, कधी रिमझिम. पण घाटमाथ्यावरच्या लोणावळा, वळवण, शिरवटा या तलावांत ते पाणी साठवले जाते आणि लागेल तसे नळांतून खाली सोडले जाते. म्हणजे आवक अनियमित असली तरी साठ्यामुळे पुरवठा नियमित करता येतो.

ऑटोमॅटिक घड्याळातही हेच तत्त्व आहे. त्याच्या पाठीमागच्या बाजूस अर्धचंद्राच्या आकाराचे एक जड वजन आसावर मोकळे फिरत असते. त्याला रोटर म्हणतात. हात हलला, मनगट वळले की गुरुत्वाकर्षणामुळे रोटरची जड बाजू खाली येऊ पाहते आणि रोटर फिरतो. त्याची गती दंतचक्रांमार्फत मुख्य स्प्रिंगपर्यंत पोहोचते व ती गुंडाळली जाते. हाताच्या वेड्यावाकड्या हालचालींची ऊर्जा अशा रीतीने स्प्रिंगमध्ये स्थितिज ऊर्जा म्हणून साठते. मनगटी घड्याळासाठी अशी यंत्रणा जॉन हारवुड या ब्रिटिश कारागिराने तयार केली. तिला 1924 साली स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळाले.

तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाते. घड्याळातही असा ‘सांडवा’ असतो. स्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीला पक्के जोडलेले नसते. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली की ते टोक डबीच्या आतील भिंतीवरून घसरते. म्हणून दिवसभर हात हलवला तरी स्प्रिंग तुटत नाही.

आता घड्याळ बंद का पडते ते सहज कळेल. बहुतेक घड्याळांत साधारण 40 तास पुरेल एवढीच ऊर्जा साठते. खणात ठेवलेल्या घड्याळावर ‘पाऊस’ पडत नाही, म्हणून तळे आटते.

सतत चालवावे का?

मुळीच गरज नाही. अनेक ऑटोमॅटिक घड्याळांचे तोलचक्र तासाला 21,600 वेळा झुलते, म्हणजे सेकंदाला 6 वेळा. वर्षभर चालू ठेवले तर हे झोके सुमारे 19 कोटी भरतात! प्रत्येक झोक्याबरोबर सूक्ष्म आसांवर थोडे थोडे घर्षण होते. घड्याळ बंद असताना ही झीज होत नाही. मात्र आतले तेल काळाने आटते किंवा घट्ट होते, ते घड्याळ चालू असो वा बंद. म्हणून काही वर्षांनी जाणकार कारागिराकडून ते साफ करून घ्यावे लागते. तोपर्यंत महिना-दोन महिन्यांनी एकदा चालवून पाहिले की त्याची प्रकृती कळते.

चालू करताना घड्याळ जोरजोराने हलवू नये. चावी हळूहळू 20 ते 30 वेळा फिरवावी. पुढचे काम हातावर बांधल्यावर रोटर करील. काही ऑटोमॅटिक घड्याळांना चावी देण्याची सोय नसते. ती आडवी धरून हलकेच गोल फिरवावीत. तारखेचे घड्याळ असेल तर रात्री 9 ते पहाटे 3 या वेळेवर काटे असताना तारीख बदलू नये. त्या वेळी तारखेची दंतचक्रे एकमेकांत अडकलेली असतात आणि दाता मोडू शकतो. काटे आधी 6 वर आणावेत, मग तारीख लावावी.

खरा शत्रू: ओलावा

30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांना फक्त 17 ग्रॅम. जुलैतल्या कर्जतची दमट हवा जुन्या, कडक झालेल्या रबरी कड्यातून घड्याळात शिरली आणि मग ते वातानुकूलित खोलीत नेले, तर न मावणारी वाफ काचेच्या आतून दवासारखी जमते. तेच पाणी पोलादी भागांवर गंज चढवते.

म्हणून पावसाळ्यात घड्याळ घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. त्यापूर्वी घाम पुसून ते कोरडे करावे. चामड्याचा पट्टा ओल धरतो, तो काढून ठेवणे उत्तम. ध्वनिवर्धक किंवा चुंबक असलेले मोबाइलचे कव्हर जवळ नको. साफसफाईसाठी घड्याळ उघडायचे ते शक्यतो दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत. आतून काच धुरकटली तर मात्र थांबू नये, लगेच कारागिराकडे न्यावे.

ही काळजी घेण्यास आणखी एक कारण आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.ने 1961 साली बंगळूरला घड्याळे बनवण्यास सुरुवात केली. ‘कांचन’सारखी तिची ऑटोमॅटिक घड्याळे घरोघरी गेली. परंतु तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला. गंजलेल्या भागाच्या जागी नवा भाग मिळणे आता सोपे राहिलेले नाही.

करून पाहा

घरच्यांच्या परवानगीने अशा घड्याळाला पूर्ण चावी द्या, ते सपाट ठेवा आणि किती तासांनी बंद पडते ते नोंदवा. पुन्हा चावी देऊन 24 तासांत ते किती सेकंद पुढे किंवा मागे जाते तेही पाहा. दिवसाचे सेकंद 86,400. त्यात 10 सेकंदांची चूक म्हणजे 8,640 सेकंदांत एका सेकंदाची! हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या या छोट्या यंत्राची अचूकता तुम्हीच मोजून पाहा.