रात्रीचें पाणी, विजेरी व लिथियम सेल

परभणी जिल्ह्यांत ज्या आठवड्यांत कृषिपंपांस रात्रपाळीची वीज मिळते, त्या आठवड्यांत गव्हाहरभऱ्याचें पाणी अंधारांतच द्यावें लागतें. काळ्या रानांत दांडाच्या कडेस पडलेली घोणस फिक्या उजेडांत दिसत नाहीं. म्हणून शेतकऱ्याच्या हातची विजेरी ही चैनीची वस्तु नव्हे. तिचें बळ मात्र आंतील सेलांत असतें, व खरेदीच्या वेळीं तिकडेच कोणी पाहत नाहीं.

स्वस्त विजेऱ्यांत अद्यापि शिशाची बॅटरी आढळते. ती जड असते व उतरलेली तशीच ठेवल्यास लवकर निकामी होते. लिथियम-आयन सेल सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणला. तो हलका असून वीज पुष्कळ सांठवितो. त्यावरील १८६५० हा आंकडा शक्तीचा नव्हे, मापाचा आहे: व्यास १८ व लांबी ६५ मिलिमीटर. त्याचप्रमाणें २१७०० म्हणजे २१ व ७०. दोहोंचा दाब सुमारें ३.६ व्होल्ट. परंतु चांगल्या १८६५० सेलची धारणा सुमारें ३,५०० मिलिअँपिअर-तास, तर २१७०० ची ५,००० पर्यंत असते. तेव्हां १८६५० वर ९,९०० छापलेलें दिसल्यास तें धादांत खोटें समजावें. दुकानांतील तराजूवर सेल ठेवून पाहावा. अस्सल १८६५० सुमारें ४५ ग्रॅम व २१७०० सुमारें ७० ग्रॅम भरतो. फारच हलका भरल्यास घेऊं नये.

आतां हिशेब पाहा. दहा वॅटचा दिवा पहिल्या सेलवर फार तर सव्वा तास, दुसऱ्यावर पावणेदोन तास चालेल. म्हणजे रात्रभर प्रखर झोत हें दुकानदाराचें बोलणें! दोन वॅटचा मंद उजेड मात्र दुसऱ्या सेलवर आठ तासांहून अधिक पुरतो. पायवाटेस तो वापरावा व झोत रानडुकरांसाठीं राखावा. शिवाय दहा वॅटला जवळजवळ तीन अँपिअर प्रवाह लागतो. हलका सेल तो देऊं शकत नाहीं व वीज शिल्लक असतांहि उजेड मावळतो. आमच्या मतें पाणी देणाऱ्यानें २१७०० च घ्यावा.

लोह-फॉस्फेट सेल उष्णता अधिक सोसतो व कितीतरी अधिक वेळां भरतां येतो. पण त्याचा दाब ३.२ व्होल्ट व धारणा सुमारें निम्मी. पंपघरांतील कायम दिव्यास तो उत्तम. ४.२ व्होल्टच्या चार्जरवर मात्र तो कधींहि लावूं नये.

सेल घेतांना आय. एस. १६०४६ ची नोंद पाहावी. वेष्टण फाटलेला सेल वापरूं नये. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशांत टाकूं नये, कारण धातूनें टोकें जुळल्यास तो पेटतो. हंगाम संपल्यावर सेल अर्धा भरून घरांत थंड जागीं ठेवावा, वैशाखांत पत्र्याच्या शेडमध्यें नव्हे.