विश्लेषण : पदवी हाती, तरी ‘पोरगा’च? दक्षिण आफ्रिकेतील विद्यार्थ्यांपुढचा पेच काय?

दक्षिण आफ्रिकेत खोसा समाजातील तरुण विद्यापीठात येतो, तेव्हा ‘पुरुष कोण’ याचे उत्तर त्याला घरूनच मिळालेले असते. हे उत्तर आजही पुरेसे आहे का, यावर तिथे गांभीर्याने चर्चा सुरू आहे.

पुरुष कधी होतो?

खोसा भाषेत पुरुषाला ‘इंडोडा’ म्हणतात. केवळ वय वाढून कोणी इंडोडा होत नाही. त्यासाठी ‘उलवालुको’ हा विधी करावा लागतो. तरुण काही आठवडे गावाबाहेर झोपडीत राहतात. पारंपरिक पद्धतीने सुंता होते आणि वेदना मुकाट सोसणे अपेक्षित असते. नेल्सन मंडेला यांनीही सोळाव्या वर्षी हा विधी केला होता. विधी टाळणारा किंवा रुग्णालयात सुंता करून घेणारा पदवीधर झाला, तरी अनेकांच्या लेखी ‘पोरगा’च राहतो.

धोका काय?

जंतुसंसर्ग आणि शरीरातील पाणी कमी झाल्याने दरवर्षी तरुण दगावतात. त्रास होत असूनही न बोलणे, हे त्यामागचे एक कारण. २०२१ च्या कायद्याने १६ वर्षांखालील मुलांना या विधीसाठी मनाई केली.

कमाईचा संबंध काय?

लग्नासाठी वराकडून वधूच्या कुटुंबाला ‘लोबोला’ दिला जातो. पूर्वी गुरे दिली जात, आता बहुधा रोख रक्कम. मात्र १५ ते ३४ वयोगटातील बेरोजगारी ४५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे विधी पार पडला, तरी ‘कमावता पुरुष’ ही दुसरी परीक्षा अनेकांना देताच येत नाही.

चर्चा का तापली?

ऑगस्ट २०१९ मध्ये केप टाऊन विद्यापीठातील १९ वर्षीय विद्यार्थिनी उयिनेने म्र्वेत्याना हिची टपाल कार्यालयात बलात्कार करून हत्या झाली. ‘पुढची मी का?’ असे विचारत विद्यार्थिनी रस्त्यावर उतरल्या. मुलींनी जपून राहावे, या सल्ल्याऐवजी मुलांना काय शिकवले जाते, हा प्रश्न पुढे आला.

मग परंपराच मोडायची का?

सर्वांचे तसे म्हणणे नाही. मानसशास्त्रज्ञ कोपानो राटेले यांच्यासारखे अभ्यासक पुरुषत्वाचा एकच साचा नसतो, याकडे लक्ष वेधतात. उलवालुकोत कुटुंबाची जबाबदारी आणि संयमही शिकवला जातो. तो वारसा ठेवून दुखणे लपवण्याची सक्ती तेवढी सोडता येईल का, हा खरा प्रश्न आहे. आणि तो कायद्याने सुटणारा नाही. मुलाला विधीसाठी पाठवणाऱ्या घरांनाच त्याचे उत्तर द्यावे लागेल.