मोहर्लीची जिप्सी की नवी जिम्नी?

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे जिप्सींची रांग लागली की मी आधी चाकं बघतो. डिसेंबर १९८५मध्ये मारुतीने आणलेल्या पहिल्या जिप्सीला, म्हणजे एमजी ४१०ला, ९७० सीसीचं, जेमतेम ४५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. १९९६मध्ये १.३ लिटरची 'किंग' आली, पुढे एमपीएफआय (इंधन इंजेक्शन) इंजिनावर ताकद ८०पर्यंत गेली. वजन मात्र टनाच्या आसपासच. खरी गंमत तिथेच आहे!

पुढे-मागे पाटे, पॉवर स्टिअरिंग नाही. खड्डा थेट मणक्यात जाणवतो, पण टायर कुठे घसरतोय तेही हाताला लगेच कळतं. जुन्या गाड्यांमध्ये फोर-व्हील लावायचं तर उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हाताने फिरवायचे.

२०२३ची पाच दारी जिम्नी जिप्सीच्याच वंशातली: शिडीसारखी चासी, रिजिड अ‍ॅक्सल, जोडीला कॉइल स्प्रिंग आणि १.५ लिटर, १०५ पीएसचं इंजिन. चंद्रपूर-नागपूर रोज करायचं असेल तर डोळे मिटून जिम्नी घ्या. चालवण्याचा जिवंतपणा मात्र जिप्सीतच.

संग्रहासाठीही माझं मत जिप्सीलाच, त्यातही सुरुवातीच्या अरुंद ट्रॅकच्या (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर कमी असलेल्या) ४१०ला. सफारीसाठी छत कापून मागे उंच बाकडी बसवलेल्या गाड्या खूप आहेत. मूळ टप, मूळ सीट आणि मूळ इंजिन असलेली सापडणं अवघड. घेताना आरसीवरचा चासी नंबर जुळवा, चासीखाली गंज बघा आणि पंधरा वर्षांनंतरचं पुनर्नोंदणीचं काम आधी आरटीओत विचारून घ्या.