उरलेले नव्वद टक्के

कापसाचा चुकारा हातात आला की माझ्या सासूबाई आधी दशमांश बाजूला काढत, मग खतवाल्याची उधारी. दहाव्या हिश्शाचा हा हिशेब जुन्या करारातला. मला तो सोपा वाटतो. उरलेल्या नव्वद टक्क्यांचं कुणी विचारत नाही. येशूने मात्र विचारलं. लूकच्या १२व्या अध्यायातला शेतकरी लबाड नाही. भरघोस पीक आलं म्हणून मोठी कोठारं बांधायला निघालेला. आमच्या यवतमाळात त्याला हुशारच म्हणतील! फक्त त्याच्या साऱ्या बेतात दुसरं माणूसच नव्हतं.

याउलट कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यागाचं कौतुक त्यांचं झालं. संसार ओढला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला लक्ष्मीबाईंचीच श्रीमंती अधिक दिसते.

इथे यवतमाळात १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, पुढे ती पुण्याला गेली. एकेकाळी पाळक घडवणाऱ्या या गावात बसूनही मी गरिबीला पुण्य म्हणणार नाही. कर्जाच्या घरात प्रार्थनेतही व्याजाचा आकडा येतो. पहिल्या ख्रिस्ती मंडळीतले लोक जमिनी विकून गरजेप्रमाणे वाटत. आमच्या मंडळीत एवढं कुणी मागत नाही, आणि आम्हीही विषय काढत नाही.