अंधेरीतले पाच गोल

२१ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत, अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर, ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाने इंडोनेशियाचा १८-० असा धुव्वा उडवला. आशियाई चषकाचा सामना, पण करोनामुळे गॅलऱ्या रिकाम्या. अठरापैकी पाच गोल कर्णधार सॅम केरचे होते. त्या पाचांनी तिची आंतरराष्ट्रीय गोलसंख्या ५४ झाली आणि पुरुष संघाच्या टिम केहिलचा ५० गोलांचा विक्रम मागे पडला. पुरुष असोत वा महिला, ऑस्ट्रेलियाकडून सर्वाधिक गोल कुणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी महाराष्ट्रात बदलले. आपल्याकडे त्याची फारशी वाच्यता झाली नाही.

सॅमचे वडील रॉजर यांचा जन्म कोलकात्याचा. आजी भारतीय, बास्केटबॉल खेळणारी. आजोबा इंग्रज बॉक्सर. पुढे हे कुटुंब ऑस्ट्रेलियात गेले आणि १० सप्टेंबर १९९३ रोजी पर्थजवळच्या ईस्ट फ्रीमँटलमध्ये सॅम जन्मली. वडील आणि भाऊ डॅनियल दोघेही ऑस्ट्रेलियन रूल्स खेळणारे. म्हणजे तो लंबगोल चेंडूचा, अंगावर धावून जाण्याचा खेळ. सॅमही बारा वर्षांची होईपर्यंत मुलांबरोबर तेच खेळली. मुलींना त्यात पुढे वाट नव्हती, म्हणून ती आपण ओळखतो त्या फुटबॉलकडे वळली. पंधराव्या वर्षी पर्थ ग्लोरी क्लब, पंधराव्याच वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, इटलीविरुद्ध देशाची जर्सी. पुढच्याच वर्षी आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाविरुद्ध तिचा गोल, आणि पेनल्टी शूटआउटवर ऑस्ट्रेलिया विजेता.

आता त्याच २००९ सालात भारतात काय चालले होते ते पाहा. भारतीय महिला संघ दीर्घकाळ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. निष्क्रिय म्हणून फिफाने त्याचे नाव जागतिक क्रमवारीतून काढून टाकले. हरल्यामुळे क्रमवारी घसरते हे कळते. इथे न खेळल्यामुळे नावच गेले. आणि हा काही नवशिका संघ नव्हता. महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला होता, आणि जानेवारी १९८० मध्ये कालिकतला आशियाई स्पर्धेची अंतिम लढत भारताने चिनी तैपेईविरुद्ध खेळली होती. ०-२ हरलो, पण उपविजेते होतो. १९८३ मध्ये बँकॉकलाही उपविजेते. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलमधला तो पहिला.

मणिपूरची बाला देवी या पडझडीतच वाढली. जन्म २ फेब्रुवारी १९९०, म्हणजे सॅमपेक्षा साडेतीन वर्षांनी मोठी. दोघी आघाडीच्या, दोघी किशोरवयातच चमकलेल्या. नोकरी मणिपूर पोलिसांत. महिलांची राष्ट्रीय लीग भारतात सुरू झाली तीच मुळी २०१७ च्या आसपास. पहिल्या मुख्य फेरीत सहा संघ, आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य एवढ्यात सारा कारभार आटोपला. २०१९ च्या लीगमध्ये बालाने सात सामन्यांत २६ गोल केले. हा आकडा आपल्याकडे कौतुकाने सांगितला जातो. मला तो वाचून चुटपुट लागते. सरासरी सामन्याला जवळजवळ चार गोल होत असतील, तर समोरचे संघ कसे होते? आणि वर्षभरात सामने साताच्याच घरात? सॅमने त्याच वर्षी अमेरिकेच्या लीगमध्ये १८ गोल केले. तो तिथला तेव्हाचा हंगामी विक्रम ठरला, आणि ते तगड्या बचावपटूंच्या विरोधात, महिनोन्‌महिने चाललेल्या हंगामात. आघाडीच्या खेळाडूचा पाय दर आठवड्याच्या सामन्यांतून तयार होतो. सरावाने दम वाढतो, पण गोलासमोरचा तो अर्धा क्षण सामन्यातच कळतो.

जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबने बालाला अठरा महिन्यांसाठी करारबद्ध केले. ६ डिसेंबरला मदरवेलविरुद्धच्या ९-० विजयात तिचा तिथला पहिला गोल झाला. त्या वेळी ती तिशीत होती. पुढे गुडघा दुखावला, आणि महाराष्ट्रातला आशियाई चषक तिच्या वाट्याला आलाच नाही.

तो वाट्याला आला असता तरी फार उपयोग झाला नसता. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २० जानेवारीला यजमान भारताने इराणशी ०-० बरोबरी केली. २३ तारखेला चिनी तैपेईशी गाठ होती. पण संघात करोना इतका पसरला की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडू उभ्या करता येईनात. भारत स्पर्धेबाहेर, विश्वचषकाची आशाही संपली. उरलेली स्पर्धा आपल्याच मैदानांवर इतरांनी खेळली. सॅमचा संघही ३० जानेवारीला पुण्यात बालेवाडीला दक्षिण कोरियाकडून ०-१ हरला. ८७व्या मिनिटाला गोल केला तो चेल्सी क्लबात सॅमच्या शेजारी खेळणाऱ्या जी सो-युनने. स्पर्धेत सर्वाधिक, सात गोल मात्र सॅमचेच.

हे सगळे उमरखेडात बसून लिहिताना पर्थ-ग्लासगो फार लांब वाटत नाही, कारण प्रश्न इथलाच आहे. पैनगंगेच्या या काठावर शाळेतली मुलगी फुटबॉल खेळायला लागली, तर तिची वाट जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी यवतमाळला, तिथून अमरावती विभागात, मग राज्यात. सामने बहुधा बाद पद्धतीचे. यवतमाळात पहिला सामना गमावला की तिचे त्या वर्षीचे फुटबॉल संपले. पुढचा खरा सामना पुढच्या वर्षी. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलामुलींना चेंडू दिला, तेव्हा त्यांनी हेच ओळखले होते: आधी खेळायला मिळू दे, निवड नंतर. विदर्भात याहून शहाणे काम या क्षेत्रात झालेले मला माहीत नाही.

बाला परतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूत पाकिस्तानविरुद्ध तिने भारतासाठी पन्नासावा गोल केला. भारतीय महिलांत हा टप्पा प्रथम गाठणारी तीच. सॅमही गुडघ्याच्या दुखापतीने जानेवारी २०२४ पासून बाहेर होती. ती सप्टेंबर २०२५ मध्ये मैदानावर आली आणि त्याच सामन्यात तिने गोल केला. त्याच वर्षी जुलैत चियांग माई इथे संगीता बासफोरच्या दोन गोलांवर भारताने थायलंडला २-१ हरवले आणि पात्रता फेरी जिंकून प्रथमच आशियाई चषक गाठला. ही स्पर्धा मार्च २०२६ मधली, ऑस्ट्रेलियातली. भारताचा पहिला सामना पर्थला व्हिएतनामशी, मग जपानशी, आणि गटातला शेवटचा सिडनीत चिनी तैपेईशी.