सहाव्या वर्षाची दाढ

पहिलीच्या पटावर नाव चढते त्याच सुमारास बालकाच्या तोंडात एक दाढ उगवते व ती बहुधा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. पुढचा दात हलू लागला की त्याचा घरभर गाजावाजा होतो. ही दाढ मात्र कोणाला पाडून येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, मोकळ्या हिरडीतून ती मुकाट्याने वर येते. साहजिकच तीही दुधाचीच असावी असा पालकांचा समज होतो आणि कीड लागली तरी ‘पडायचीच आहे’ म्हणून उपेक्षा होते. वस्तुतः ती कायमची असते. ती गेल्यास तिच्या जागी दुसरी येत नाही.

शिक्षकबंधुभगिनींना ती ओळखणे कठीण नाही. दुधाचे दात एकंदर २०. म्हणजे जबड्याच्या प्रत्येक बाजूस पटाशीचे दोन, सुळा एक व दाढा दोन. मधल्या रेषेपासून, पडलेल्या दाताची जागाही धरून, मोजत जावे. सहावा आढळला तर तो कायमचा. अशा दाढा चार असतात. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात. तेथे गूळ, बिस्किटे चिकटून राहतात, आणि अर्धवट उगवलेल्या दाढेपर्यंत मुलाचा ब्रश पोहोचत नाही. खाचा काळवंडलेल्या दिसल्यास शालेय आरोग्य तपासणीच्या पथकास अवश्य दाखवावे. दंतवैद्य त्या वेळीच बुजवू शकतात. मिश्री तंबाखूची असते, ती मुलांच्या हाती जाऊच नये.

दुधाच्या दाढांचीही हेळसांड करू नये. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात व खालून येणाऱ्या दातांची जागा राखतात. अकाली काढाव्या लागल्यास शेजारचे दात कलतात व नवा दात वाकडा येतो. पडलेल्या दाताला मूळ नसल्याचे पाहून काही मुले घाबरतात. नवा दात वर सरकत असता जुन्याचे मूळ विरघळत जाते, हे त्यांना समजावून सांगावे. नव्या पटाशीच्या दातांचे काठ करवतीसारखे दिसतात. त्यातही विकृती काही नाही, वापराने ते झिजून सरळ होतात.

बाराव्या वर्षाच्या सुमारास हिच्यामागे आणखी एक दाढ येते. तीही अशीच, कोणाला न कळता.