सोयाबीन आणि त्वचेची निगा

मुळा-मुठा आणि भीमा ह्या नद्यांच्या मधल्या राहू बेटांत मुख्य पीक ऊंसाचें. पाचटाच्या धारेनें ओरखडलेले हात आणि थंडींत फुटलेल्या टांचा हें तेथील घरोघरचें दुखणें होय. शहरांत ‘सोया’ हें नांव छापून जीं मलमें महाग विकतात, त्यांतला गुण आपल्या पोत्यांतील दाण्यांपासून घरच्या घरीं मिळेल काय, असें सोयाबीन घेणाऱ्या वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. १९३५ सालीं वर्ध्यास मगनवाडींत गांधीजींनीं ह्या धान्याचे प्रयोग करविले ते आहाराचे. त्वचेचा विचार निराळा करावा लागतो.

दाण्यांत सुमारें ४० टक्के प्रथिनें व २० टक्के तेल असतें. तेलाचा जवळजवळ निम्मा भाग लिनोलिक आम्लाचा असून, कातडींतील ओल धरून ठेवणारा जो स्निग्ध पडदा असतो त्याच्या घडणीस हें आम्ल लागतें. म्हणून कोरड्या त्वचेस हें तेल चोळणें युक्त होय. मात्र त्यासाठीं घाण्याकडे धांव घेऊं नये. भुईमुगाच्या मानानें सोयाबीनांत तेल फारच थोडें, त्यामुळें घाण्यांत तें परवडत नाहीं. स्वयंपाकघरांतलें शुद्ध केलेलें तेलच पुरें. पाय कोमट पाण्यांत भिजवून पुसावे व किंचित् ओले असतांच तेल लावावें. भेगेंतून रक्त येत असेल तर डॉक्टरांस दाखवावें. तेल शुद्ध करतांना निघणारें लेसिथिन तेल व पाणी एकजीव राखतें, म्हणून तें मलमांत घालतात. पण तें घरीं काढण्याजोगें नव्हे.

आतां पिठाविषयीं. कच्च्या दाण्यांत पचनास अडथळा करणारें एक प्रथिन असतें. म्हणूनच ते शिजविल्यावांचून खात नाहींत. हेंच प्रथिन कातडींतील रंगकणांचा प्रसार मंद करतें असें प्रयोगशाळेंत आढळलें, आणि डाग घालविण्याच्या जाहिरातींस तेवढाच आधार सांपडला. उष्णतेनें तें निकामी होतें. तेव्हां भाजलेल्या पिठाच्या उटण्यापासून तो गुण अपेक्षिणें व्यर्थ, आणि कच्च्या पिठाचें प्रमाण घरीं ठरवितां येत नाहीं. शिवाय सावळा वर्ण हा कांहीं रोग नव्हे. मळच काढावयाचा तर हरभऱ्याचें पीठ काय वाईट आहे?

तरीही ज्यांस सोयाबीनचें पीठ वापरावयाचें असेल त्यांनीं तें खाण्याच्या दाण्यांचेंच घ्यावें. पेरणीनंतर उरलेल्या बियाण्यास पुष्कळदां थायरमसारखें बुरशीनाशक चोळलेलें असतें. लाल-गुलाबी रंगावरून तें बहुधा ओळखतां येतें, पण रंग नसला म्हणजे औषध नाहीं असें मानूं नये. धुतल्यानें असलें बियाणें निर्धोक होत नाहीं. तें जात्यावर दळूं नये, गुरांच्या आंबोणांतही घालूं नये. मुलांच्या अंगास लावण्याची तर गोष्टच नको. सोयाबीन खाल्ल्यानें ज्यांच्या अंगावर गांधी उठतात त्यांनीं ह्या वाटेस जाऊं नये. इतरांनीं प्रथम कोपराच्या आंतील बाजूस थोडेंसें लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आल्यास लगेच धुऊन टाकून पुन्हा लावूं नये.